उर्वरित भारताचे किलोमीटर

मोटारविम्याच्या शास्त्रात भारताचा भूगोल फार सोपा आहे. २००२ सालच्या भारतीय मोटार दरपत्रकाने खासगी मोटारींसाठी देशाचे दोन विभाग पाडले. पहिल्यात अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे ही आठ शहरे आली आणि दुसऱ्यात उर्वरित भारत आला. धुळे जिल्ह्यातील साक्री हे तालुक्याचे गाव उर्वरित भारतात आहे. त्याच विभागात हिमालय, कच्छचे रण आणि वाराणसीही असल्यामुळे साक्रीला सोबत चांगली लाभली आहे, ही गोष्ट तेथील नागरिकांनी अद्याप साजरी केलेली नसली तरी खरी आहे. दरपत्रकाचे बंधन १ जानेवारी २००७ पासून सैल झाले आणि स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा दर ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली, तथापि विभागांची सवय मात्र सुटली नाही.

या विभागणीमागचा तर्क असा की महानगरात वाहने दाट, म्हणून धडका अधिक, म्हणून विम्याचा हप्ताही अधिक असावा. मात्र वाहन कोणत्या विभागातले हे ते कोठे चालते यावरून ठरत नसून त्याची नोंदणी कोणत्या कार्यालयात झाली यावरून ठरते. त्यामुळे ज्या मोटारीचे ‘पासिंग’ धुळ्याचे, म्हणजे जिच्या पाटीवर एमएच १८ असे लिहिलेले आहे, ती साक्रीच्या सेवानिवृत्त वडिलांच्या नावे असून त्यांच्या अभियंता चिरंजीवांच्या ताब्यात वर्षभर हिंजवडीच्या वाहतूककोंडीत उभी असली, तरी विम्याच्या दृष्टीने ती उर्वरित भारतातच असते. उलटपक्षी, पुण्यात नोंदविलेली एखादी मोटार निवृत्तीनंतर साक्रीत आणून कडुनिंबाखाली कायमची विसावली, तरी तिचा मालक महानगरी वाहतुकीचा अधिभार भरीत राहतो. वाहन कोणाचे, किती जुने, किती घनक्षमतेचे आणि कोठे नोंदविलेले, हे सारे या शास्त्रात विचारले जाते. ते वर्षभरात किती चालले, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ कोणी विचारीत नव्हते. याउलट साक्रीत कोणत्याही मोटारीबद्दल विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘गाडी कितली चालनी?’ हाच असतो, त्यामुळे शास्त्रापेक्षा लोकव्यवहार येथे काही पावले पुढे आहे असे म्हणावे लागते.

विषय समजण्यासाठी विम्याच्या पॉलिसीचे दोन भाग वेगळे करून पाहणे आवश्यक आहे. पहिला भाग तृतीय पक्षाचा, ज्याला सर्वत्र ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. यात पहिला पक्ष वाहनमालक, दुसरा पक्ष विमा कंपनी आणि तिसरा पक्ष म्हणजे उरलेली सर्व मानवजात, जिला त्या वाहनाची धडक बसू शकते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार हा भाग सक्तीचा आहे. दुसरा भाग स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक असून दोन्ही भाग एकत्र घेतले की त्याला गावात ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात. या दुसऱ्या भागाचा हप्ता वाहनाच्या जाहीर मूल्यावर बेततो, आणि हे मूल्य दरवर्षी घसाऱ्याने घटते. चार वर्षे उलटून पाचव्यात शिरलेल्या मोटारीचे मूल्य, दरपत्रकाच्या कोष्टकाप्रमाणे, निम्मे होते. हे कोष्टक मालकाला हप्ता भरताना अत्यंत न्याय्य वाटते, मोटार चोरीला गेल्यावर ते अन्यायकारक भासू लागते आणि मोटार विकायला काढली असता असे काही कोष्टक अस्तित्वात आहे याचेच त्याला विस्मरण होते. ज्या वर्षी नुकसानभरपाई मागितली नाही त्याच्या पुढील वर्षी हप्त्यात सूट मिळते, ती २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच निर्दोष वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत जाते. ही सूट टिकविण्यासाठी साक्रीतील अनेक मोटारींनी आपल्या अंगावरील पोचे अत्यंत धीराने मिरविले आहेत.

आता मुख्य प्रश्न असा की जो मनुष्य कमी मोटार चालवितो त्याने कमी हप्ता का भरू नये. प्रचलित पद्धतीची तुलना महिनेवारी खानावळीशी करता येईल, जेथे महिन्याचे पैसे सर्वांचे सारखे असतात आणि पोळ्या मोजल्या जात नाहीत, परिणामी आजारी पडलेला लिपिक हा तालमीत जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या जेवणाचा अज्ञात आश्रयदाता ठरतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० ते १,५०० घनसेंटिमीटर क्षमतेच्या खासगी मोटारीचा तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता ३,४१६ रुपये ठरला. साक्रीतील एखाद्या वयोवृद्ध डॉक्टरांची मोटार वर्षाकाठी ३,००० किलोमीटर चालते असे मानले, तर त्यांना हा विमा किलोमीटरमागे सुमारे १ रुपया १४ पैशांना पडतो; आणि धुळ्याहून रोज साक्रीस येऊन परत जाणाऱ्या, म्हणजे ‘अप-डाऊन’ करणाऱ्या, कर्मचाऱ्याची तेवढ्याच क्षमतेची मोटार वर्षाला २५,००० किलोमीटर चालली तर त्याला तोच विमा किलोमीटरमागे सुमारे १४ पैशांत मिळतो. डॉक्टरांनी आयुष्यभर फी न घेता अनेकांना तपासले असेल, पण आपण एका सशक्त नोकरदाराच्या प्रवासालाही हातभार लावीत आहोत याची त्यांना कल्पना नसते.

या विसंगतीवर बोट ठेवणाऱ्यांत कोलंबिया विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १९९६ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या या विद्वानाने १९६८ मध्येच दाखवून दिले होते की वर्षाचा ठोक हप्ता भरून मोकळ्या झालेल्या मोटारमालकाला पुढचा प्रत्येक किलोमीटर विम्याच्या दृष्टीने फुकट वाटतो, वस्तुतः त्या प्रत्येक किलोमीटरला तो इतरांच्या जिवावर थोडी थोडी जोखीम टाकीत असतो. उपाय म्हणून त्यांनी विम्याची रक्कम इंधनाच्या किमतीत किंवा टायरच्या किमतीत मिसळण्याची कल्पना मांडली. जो अधिक चालवील त्याचे टायर अधिक झिजतील आणि तो आपोआप अधिक विमा भरील, इतकी ती सरळ होती.

न्यूयॉर्कमध्ये बसून सुचलेली ही योजना साक्रीच्या महामार्गावर आणून पाहणे उद्बोधक ठरेल. टायर बदलण्याची वेळ झाली हे खानदेशात टायरवरील नक्षी गेल्यावर ठरत नसून आतली तार दिसू लागल्यावर ठरते, आणि तेव्हाही प्रथम विचार नव्या टायरचा नसतो तर ‘रिमोल्ड’चा, म्हणजे जुन्या सांगाड्यावर रबराचा नवा थर चढवून घेण्याचा असतो. विम्याची रक्कम टायरमध्ये गेली असती तर रिमोल्ड करणारा प्रत्येक कारागीर विमा कंपनीचा प्रतिस्पर्धी बनला असता आणि गुळगुळीत टायरवर फिरणे हा काटकसरीचा नव्हे तर विमानियोजनाचा भाग मानला गेला असता. इंधनाची योजनाही सीमेवरच्या मुलखात टिकणे कठीण होते. साक्रीहून दहिवेल, कोंडाईबारी घाट आणि विसरवाडीमार्गे जाणारा महामार्ग नवापूरला पोहोचतो, जेथे रेल्वे स्थानकाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. पलीकडच्या राज्यात पेट्रोल काही रुपयांनी स्वस्त मिळते म्हणून अलीकडचे वाहनधारक टाकी भरायला सीमा ओलांडतात, हे सर्वविदित आहे. पेट्रोलमध्ये राज्याराज्यांतून वेगवेगळ्या दराने विमा मिसळला असता तर या मंडळींनी विमाही गुजरातमधून लिटरने भरून आणला असता, आणि उरलेला कॅनमध्ये घेतला असता.

अमेरिकेत कल्पना टायरमधून निघून कायद्यात शिरायला आणखी काही काळ गेला. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९८८ साली मंजूर केलेल्या प्रस्तावाने असे ठरविले की हप्ता ठरविताना प्रथम चालकाची सुरक्षिततेची नोंद, नंतर वर्षभरात चालविलेले अंतर आणि त्यानंतर चालविण्याचा अनुभव यांना या क्रमाने महत्त्व द्यावे. खानदेशात हा क्रम लावायचा झाला तर गाडी कोणाची, गाडी चालविणारा कोणाचा कोण, आणि समोरची गाडी कोणाची, असा तो लागला असता, कारण धडकेनंतरची सर्व बोलणी याच क्रमाने होतात.

भारतात भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना तीन प्रकारची जोडकलमे विकण्याची मुभा दिली. पहिले ‘पे ॲज यू ड्राइव्ह’, म्हणजे जितके चालवाल तितका हप्ता. दुसरे ‘पे हाऊ यू ड्राइव्ह’, म्हणजे जसे चालवाल तसा हप्ता. आणि तिसरे एकाच मालकाच्या अनेक वाहनांना एकाच पॉलिसीत सामावून घेणारे. पहिल्या प्रकारात मालकाने वर्षाच्या आरंभीच २,५००, ५,००० किंवा ७,५०० किलोमीटर असा टप्पा निवडावा, त्यानुसार हप्ता कमी व्हावा, आणि टप्पा ओलांडण्याची वेळ आली तर वरचे किलोमीटर विकत घ्यावेत, अशी रचना सामान्यतः आढळते. येथे एक मौजेची गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. ही जोडकलमे फक्त पॉलिसीच्या दुसऱ्या भागाला, म्हणजे स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीला लागू आहेत; तृतीय पक्षाचा हप्ता केंद्र सरकार घनक्षमतेनुसार ठरविते आणि त्या कोष्टकात किलोमीटरचा रकानाच नाही. रस्त्यावर जितके अधिक फिरावे तितकी दुसऱ्याला धडक देण्याची शक्यता वाढते, हा विक्री यांच्या मांडणीचा गाभा होता. भारतीय व्यवस्थेने ही मांडणी मान्य केली, परंतु ती लागू केली ती मालकाच्या स्वतःच्या पत्र्याला. दुसऱ्याच्या बरगड्यांचा दर सर्वांना सारखाच राहिला. डॉक्टरांना मिळणारी सवलत त्यामुळे त्यांच्या बंपरपुरती आहे. किलोमीटरनुसार दर हे तत्त्व योग्य असेल, आणि ते योग्य आहे याविषयी गणिताला फारशी शंका नाही, तर त्याचा आरंभ सक्तीच्या भागापासून व्हायला हवा होता. ऐच्छिक भागापासून झालेला आरंभ हा चुकीच्या टोकाने घातलेल्या सदऱ्यासारखा नसला, तरी अर्ध्याच बाह्या असलेला निश्चित आहे.

परंतु तत्त्व मान्य केल्यावरही साक्रीत एक अधिक खोल अडचण उभी राहते, आणि ती अशी की वाहन एका व्यक्तीच्या नावे असले तरी त्याचे किलोमीटर भावकीच्या मालकीचे असतात. ‘आपण वर्षाला किती किलोमीटर चालविता?’ हा प्रश्न विचारणारा अर्ज मोटार आणि मालक यांच्यात कोणी तिसरा नाही असे गृहीत धरतो. हे गृहीतक महानगरी आहे. लग्नसराईत पांढऱ्या मोटारीला नवरदेवासाठी मागणी येते, तेव्हा ती नाकारण्याची प्रथा नाही. अक्षय्य तृतीयेला, जिला खानदेशात आखाजी म्हणतात, सासुरवाशिणींना माहेरी आणण्याची जबाबदारी ज्याच्या दारात मोटार उभी आहे त्याच्याकडे नैसर्गिक न्यायाने येते. श्रावणात नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते, तेव्हा सुरत, नाशिक आणि पुण्यात विखुरलेले भाऊबंद तिच्या रोटांच्या प्रसादासाठी गावी जमतात, आणि त्यांना बसस्थानकावरून आणणे, सोमवारी विसर्जनानंतर पोहोचविणे, मधल्या वेळेत निजामपूरच्या आत्याला भेटवून आणणे आणि ‘एवढे आलोच आहोत तर’ बळसाण्याचे जैन तीर्थ व भामेरचा किल्लाही दाखविणे, यांत मालकाने निवडलेला टप्पा न सांगता ओलांडला जातो. मालक या सर्व काळात बहुधा घरीच असतो. त्याने स्वतः वर्षभरात चालविलेले अंतर इतके थोडे असते की त्याला सर्वांत खालचा टप्पाही सैल झाला असता.

याच ठिकाणी किलोमीटरवर आधारित विम्याचा एक असा उपयोग दिसून येतो जो विक्री यांच्या ध्यानी आला नव्हता. खानदेशी समाजव्यवहारात मागितलेली मोटार न देण्यासाठी आजवर तीनच कारणे मान्य होती: बॅटरी उतरली आहे, गाडी सर्व्हिसिंगला टाकली आहे, किंवा मेहुणा घेऊन गेला आहे. पहिली दोन कारणे मागणाऱ्याने प्रत्यक्ष येऊन तपासण्याची भीती असते आणि तिसरे कारण मेहुणा स्वतःच मागावयास आला असता निरुपयोगी ठरते. ‘विम्याचे किलोमीटर संपले’ हे चौथे कारण मात्र सर्वार्थाने निर्दोष आहे, कारण त्यात मालकाची इच्छा दिसून येत नाही, कंपनीचा नियम दिसून येतो, आणि नियम हैदराबादेत बसलेल्या प्राधिकरणाच्या अखत्यारीत असल्यामुळे त्याच्याशी भांडायला कोणी जाऊ शकत नाही. केवळ या सोयीसाठी वाहनमालकांनी हे जोडकलम दुप्पट दराने घेतले असते. तथापि भावकीची बुद्धिमत्ता कमी लेखणे धोक्याचे असते. मागणारा ‘किलोमीटर संपले’ हे ऐकून किंचित थांबतो, मोबाइलच्या रिचार्जचा दाखला देतो आणि ‘वरचे टाकून घेऊ ना भाऊ, त्याले काय लागस?’ असे म्हणून खिशात हात घालण्याचा अभिनय करतो. त्यानंतर मालकाला ‘राहू दे’ असे म्हणणे भाग पडते, आणि मोटार तर जातेच, शिवाय वाढीव किलोमीटरचे पैसेही जातात.

किलोमीटर मोजण्यातून उद्भवणारा दुसरा प्रश्न शासकीय स्वरूपाचा आहे. ग्रामीण भागात नेमणूक झालेल्या शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी आदी कर्मचाऱ्यांनी मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहावे अशी शासनाची अपेक्षा असते, घरभाड्याचा भत्ता या अपेक्षेशी जोडलेला असतो, आणि तसे राहत असल्याबद्दल ग्रामसभेचा ठराव जोडण्याची अटही शासनाने घातली होती. हा ठराव अनेक गावांत एकमताने मंजूर होतो, कारण ज्यांना तो नामंजूर करावयाचा असतो त्यांची मुले त्याच शाळेत असतात. अशा व्यवस्थेत धुळे ते साक्री हे सुमारे ५५ किलोमीटरचे अंतर दिवसातून दोनदा नोंदविणारे, तारीख आणि वेळ लिहून ठेवणारे आणि कोणत्याही ठरावास न जुमानणारे एक यंत्र मोटारीत बसविणे, याला विमासुधारणा म्हणावे की प्रशासकीय अनर्थ, हे वाचकाने ठरवावे. कामाचे २३० दिवस धरले तरी या मार्गावर वर्षाला २५,३०० किलोमीटर होतात. मुख्यालयी राहणारा मनुष्य शाळेपासून घरापर्यंत जाण्यासाठी इतके अंतर कसे तोडतो, याचे समाधानकारक स्पष्टीकरण गावाचा विस्तार पाहता देता येणार नाही. यावर तोडगा म्हणून चौघांनी पाळीपाळीने गाडी काढण्याची पद्धत पूर्वीपासून रूढ आहे. त्यात प्रत्येकाचे किलोमीटर चतुर्थांश होतात हे खरे, पण पाळी चुकविणाऱ्याने पेट्रोलची वर्गणी द्यावयाची असते, आणि खासगी मोटारीच्या पॉलिसीत भाडे घेऊन माणसे नेण्यास मनाई असल्यामुळे ही वर्गणी मैत्रीत मोडते की भाड्यात, यावर शेवाळी फाट्यापर्यंत चर्चा चालते आणि कुसुंब्याला चहा घेताना ती तहकूब होते.

‘जसे चालवाल तसा हप्ता’ या दुसऱ्या प्रकाराची गत याहून निराळी नाही. यात मोबाइलमधील अथवा मोटारीत बसविलेले यंत्र वेग, वळणे, रात्रीचा प्रवास आणि अचानक दाबलेले ब्रेक यांची नोंद घेते व त्यावरून चालकाला गुण देते. जो वारंवार जोराने ब्रेक दाबतो तो बेफिकीर, हे या यंत्राचे मूलभूत प्रमेय आहे. साक्री तालुक्यात ते उलटे होते. येथे रस्त्यावर शेळ्यांचा कळप अर्धा ओलांडून विचारात पडतो, पिंपळनेरच्या बाजाराकडे कांदा नेणारी ट्रॉली मागचा दिवा न लावता अंधारात दिशा बदलते, आणि रात्रीतून तयार झालेला गतिरोधक पांढरे पट्टे ओढण्याची औपचारिकता न पाळता सकाळी आपले अस्तित्व जाहीर करतो. या परिस्थितीत जो ब्रेक दाबतो तो सावध आणि जो दाबत नाही त्याची नोंद थोड्याच वेळात विम्याच्या वेगळ्या रकान्यात होते. रात्रीच्या प्रवासाचेही तसेच. मे महिन्यात खानदेशाचे तापमान चाळिशीपलीकडे गेले असता शहाणा माणूस उन्हे उतरल्यावर निघतो, हे यंत्राला ठाऊक नसल्याने ते त्याला निशाचर समजून गुण कापते. शिवाय सारे किलोमीटर सारखे नसतात. कान नदीच्या काठाने गावातल्या गावात फिरलेला एक किलोमीटर आणि कोंडाईबारी घाटात मालाने वाकलेल्या ट्रकांच्या मागे, एका वळणावर ओव्हरटेक करण्याचा मोह आवरीत काढलेला एक किलोमीटर, हे मीटरवर एकाच आकड्याने वाढतात.

संशोधकांनी आणखी एक बाब निदर्शनास आणली आहे, ती अशी की अंतर दुप्पट झाले म्हणून अपघात दुप्पट होत नाहीत. जे फार थोडे चालवितात त्यांचे दर किलोमीटरमागे अपघात तुलनेने अधिक असतात, कारण त्यांचा बराचसा प्रवास गर्दीच्या गल्ल्यांत होतो. पंधरवड्यातून एकदा मोटार बाहेर काढणाऱ्या गृहस्थाला रिव्हर्स गिअर कोठे होता हे आठवेपर्यंत मागच्या भाजीवालीने आपली टोपली उचललेली असते, यावरून या निष्कर्षाची स्थानिक पातळीवर पडताळणी करता येते. तेव्हा डॉक्टरांना आठपट महाग पडणारा विमा त्यांना आठपट स्वस्त करावा असे म्हणणेही अतिरेकाचे होईल; हप्त्याचा काही भाग ठोक आणि उरलेला अंतरावर, अशीच विभागणी करावी लागेल.

येथवर जे सांगितले ते शास्त्र झाले. प्रत्यक्षात वापरानुसार विमा ही पद्धत प्राधिकरणाच्या कितीतरी आधी जनतेने स्वतःहून अमलात आणलेली आहे. ‘गाडी गावातच फिरते, तिला विमा कशाला?’ हे त्या पद्धतीचे सूत्र असून, शेतापासून घरापर्यंत जाणारी मोटारसायकल त्याखाली अनेक वर्षे विम्याविना चालते, आणि धुळ्याला अथवा शिर्डीला जाण्याचा योग आला की आदल्या रात्री मोबाइलवर घाईघाईने ‘थर्ड पार्टी’ काढली जाते. विमा नसताना पकडल्यास पहिल्या खेपेस २,००० आणि पुढे ४,००० रुपये दंड आहे, परंतु हा दंड महामार्गावर लागतो आणि सूत्र गल्लीसाठी आहे. देशातील रस्त्यांवर असलेल्या वाहनांपैकी निम्म्याच्या आसपास वाहने विम्याविना फिरतात, हे पाहता हा पंथ साक्रीपुरता मर्यादित नाही. यातील विनोद तिसऱ्या पक्षाला कळत नाही, कारण शेतापासून घरापर्यंतच्या रस्त्यावर जो धडकेत सापडतो तो बहुधा शेजारी असतो, आणि भरपाईसाठी त्याच्यासमोर कंपनी नसते तर रोज तोंड पाहावे लागणारा मनुष्य असतो. वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्या अशा वाहनांना अंतरानुसार अल्प हप्त्याचा सक्तीचा विमा मिळाला असता, तर त्यांतील पुष्कळ कागदावर आली असती. हे अनुमान आहे, पण ज्या समाजात भाजीवरची कोथिंबीरही भावात धरली जाते तेथे ते फारसे धाडसी नव्हे.

शेवटी राहते पुराव्याची बाब. कमी चाललो हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर असते, आणि त्यासाठी विमा घेताना मीटरचे छायाचित्र किंवा चित्रफीत पाठवावी लागते. जुन्या मोटारींच्या बाजारात मीटर मागे नेण्याची कला फार पूर्वीपासून विकसित झालेली असल्याने कंपन्यांची सावधगिरी समजण्यासारखी आहे. पूर्वी ही कला मोटार विकताना एकदाच फळ देत असे, आता ती दरवर्षी देऊ शकते. प्रामाणिक मनुष्याची अडचण मात्र निराळीच आहे. नव्या पद्धतीच्या मोटारीत अंतर दाखविणारा आकडा चावी फिरवून वीजप्रवाह सुरू केल्यावरच उजळतो. साक्रीतील जी मोटार सर्वांत कमी चालली, जिच्यासाठी ही सारी योजना आखली गेली, ती डॉक्टरांची मोटार दीड महिना कडुनिंबाखाली उभी असल्यामुळे तिची बॅटरी पूर्ण उतरलेली असते, तिच्या दोन-चार वायरी उंदरांनी आपल्या सोयीने तोडलेल्या असतात आणि चावी फिरविली असता मीटर काळेच्या काळे राहते. मग गॅरेजमधून मेकॅनिक येतो, दुसऱ्या गाडीची बॅटरी वायरने जोडून इंजिन सुरू करतो, छायाचित्र काढून देतो आणि जाताना सल्ला देतो की डॉक्टरसाहेब, गाडी अशी उभी ठेवू नका, बॅटरी चार्ज व्हायला पाहिजे. दर रविवारी धुळ्यापर्यंत एक चक्कर मारून आणत चला.